दोन सूत

हेल्मेट आता आमचं नाही.
आयोगाच्या कपाटात असतं, लाखेचं सील लावून,
वर चिठ्ठी: पुरावा क्रमांक चार.
तारखेला कारकून ते दोन्ही हातांनी उचलतो,
आत अजून डोकं असल्यासारखं.

एकोणतीस वर्षं उद्यमनगरात वेल्डिंग करतोय.
त्या रात्री सीपीआरच्या बाकावर
पिशवीतून काढून मोबाईलच्या उजेडात बघितली जाळी.
तिसरी सळी दोन्ही टोकांना सुटलेली,
सांध्याच्या पोटात अनारशासारखी भोकं.
वरून क्रोम असा, की तोंड बघून भांग पाडावा.
असला जॉब माझ्या हाताखालच्या पोरानं आणला असता
तर त्याच्यादेखत फरशीवर आपटला असता.

रुमाना कीपर. फिरकी असली
की यष्टीला चिकटून उभी राहायची.
शास्त्रीनगरच्या मैदानावर बॅटची कड लागली
आणि चेंडू जाळी घेऊन आत शिरला.
गालाचं हाड तीन ठिकाणी.
डोळा आहे, नजर नाही.
तेव्हा अठराची होती. आता वीस. तारखा नऊ.
सुईत दोरा ओवताना दोरा सुईच्या पुढं जातो,
ती परत ओवते,
मी टीव्हीकडं बघतो.

कंपनीचं उत्तर आलं, अठ्ठावीस पानं, इंग्रजी.
शिरगावे वकीलबाईंनी बोट ठेवून मराठीत सांगितलं:
चेंडूचा वेग जास्त असावा.
खेळाडूनं मान वळवली असावी.
हेल्मेट आमचं नसावं.
बिल दाखवलं, तर पुढच्या तारखेला: असलं तरी.

मी म्हणालो, साहेब, सांधा कच्चा आहे, मी सांगतो की.
शिक्षण?
सातवी.
मग तुमचं मत तज्ज्ञाचं म्हणून घेता येणार नाही.
जाळी पुण्याला प्रयोगशाळेत गेली, सात महिने राहिली.
अहवालात लिहून आलं: सांध्यांत सच्छिद्रता आढळते.
चांगला शब्द आहे.
मी नुसतं पोकळ म्हणालो होतो.

बाईंनी पेढे मागवले.
मी पान उलटलं.
खालची सळी मूळ आकारापासून वाकवलेली दिसते,
अंदाजे सहा मिलिमीटर.

दोन सूत.

मार्चातला रविवार. अब्बा, चेंडू खाली राहिला
की ही सळी आड येतीया.
हेल्मेट गुडघ्यांत धरलं, पक्कड घेतली,
सळीला फडकं गुंडाळलं, क्रोम खरवडू नये म्हणून.
तिनं घातलं, मान हलवून बघितली.
आता दिसतंय, म्हणाली.

खोक्यातल्या कागदावर होतं म्हणे,
आकारात बदल करू नये,
सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या इंग्रजीत.
कागद मी शेगडीखाली घातला होता.

रुमानाला सांगितलं काल रात्री.
म्हणाली, मी सांगते, दुकानातनंच तसं मिळालं.
मग बराच वेळ भाकरी मोडत बसली.
आई म्हणाली, जेवा आधी.

तुटली ती तिसरी. मी वाकवली ती पाचवी.
बाई म्हणतील, एवढंच बोला.
पण एका सळीला ओढ दिली की ताण कुठं कुठं जातो
हे सातवी पास माणसालाही ठाऊक असतं.
आणि धड सांध्यानं तेवढा ताण गिळला असता,
हेही ठाऊक आहे.
दोन्ही खरं. पण उलटतपासणीत
हो किंवा नाही, एवढीच जागा ठेवतात.

उद्या सील फोडतील.
पुण्याचा वकील जाळीवरून बोट फिरवत विचारेल,
हिला तुम्ही हात लावला होता का?

आज सकाळी शेडमध्ये गेलो, कुणी आलं नव्हतं.
भंगारातले दोन तुकडे जोडून धरले,
काच खाली केली, एक टाका मारला.
हो म्हणायला
तेवढाच वेळ लागतो.